नाव कुणी सुचवलं?

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नोबेलची एक गोष्ट व्याख्यानांत हमखास सांगितली जाते. पारितोषिक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी त्यांनी स्टॉकहोमला वेळेवर पोचता यावं म्हणून बोटीची तिकिटं काढून ठेवली होती, अशी. आत्मविश्वासाचा नमुना म्हणून गोष्ट झकास आहे, टाळ्या घेणारी आहे. तिच्या जोडीला जी दुसरी सांगायला हवी ती मात्र कुणी सांगत नाही. डिसेंबर १९२९ मध्ये रामन यांनी कोपनहेगनला नील्स बोर यांना पत्र लिहून, पुढच्या वर्षीच्या नोबेलसाठी आपलं नाव सुचवावं, अशी सरळ विनंती केली होती. बोर यांनी त्याआधीच्या वर्षीही रामन यांचं नाव पाठवलं होतं. १९३० साली त्यांच्या जोडीला रदरफर्ड, लुई द ब्रॉय, जाँ पेरँ, सी. टी. आर. विल्सन अशी माणसं उभी राहिली आणि शिफारशींचा आकडा दहाच्या घरात गेला. त्यांत भारतातून गेलेली एकही नव्हती. तिकिटं काढायला धीर लागतो हे खरं, पण ती तिकिटं फुकट गेली नाहीत याचं बरंचसं श्रेय त्या पत्राला आणि त्यामागच्या दोन वर्षांच्या पत्रव्यवहाराला द्यावं लागेल.

हा पत्रव्यवहार जिथून सुरू झाला ते गाव बंगळूर. नोबेल मिळवून देणारा प्रकाशाच्या विकिरणाचा तो शोध लागला कोलकात्यात, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी. पण त्याची सविस्तर मांडणी रामन यांनी पहिल्यांदा केली ती १६ मार्चला बंगळुरात, साउथ इंडियन सायन्स असोसिएशनपुढच्या व्याख्यानात. ते व्याख्यान तातडीनं छापून घेतलं आणि त्याच्या प्रती देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना टपालानं धाडल्या. त्याच सुमारास मॉस्कोत मँडेलश्टाम आणि लँड्सबर्ग यांनी स्फटिकांवर काम करताना हाच परिणाम पाहिला होता, आणि तारखांचाच हिशेब केला तर त्यांचं निरीक्षण काही दिवस आधीचं निघतं. त्यांनी छापायला उशीर केला हे त्यांच्या मागे पडण्याचं नेहमीचं कारण, आणि ते खरंही आहे. पण नोबेलची पन्नास वर्षांनी खुली होणारी दप्तरं पाहिली तर दुसरं कारणही समोर येतं. १९३० साली त्यांच्या बाजूनं गेलेल्या शिफारशी मोजक्या होत्या आणि त्या त्यांच्याच देशातून आलेल्या होत्या. समितीपुढे एका पारड्यात निम्मा युरोप होता, दुसऱ्यात लेनिनग्राडची एक-दोन पत्रं. रामन यांचं काम त्या पारितोषिकाच्या तोडीचं होतं यात शंका नाही. मुद्दा वेगळा आहे. पुरस्काराचा निवाडा परीक्षक करतात असं आपण समजतो, पण परीक्षकांच्या टेबलावर जी नावं येतच नाहीत त्यांचा निवाडा होत नाही. म्हणजे निवाड्याचा पहिला आणि मोठा भाग नाव सुचवणाऱ्याच्या हातून होऊन गेलेला असतो, आणि इतिहास लिहिताना आपण नेमकं त्यालाच वगळतो. बंगळूरसारख्या शहराचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला मानसन्मानांचा इतिहास या बाजूनं वाचला, तर बरीच कोडी सुटतात.

लंडनच्या रॉयल सोसायटीची जुनी पद्धत यासाठी पाहण्यासारखी आहे. उमेदवाराच्या नावाचा एक कागद तयार होई, त्याची पात्रता चार ओळींत लिहिली जाई आणि खाली किमान सहा फेलोंच्या सह्या लागत. काही सह्या उमेदवाराला व्यक्तिशः ओळखणाऱ्यांच्या असाव्या लागत. मग तो कागद सोसायटीच्या दालनात सर्वांना दिसेल असा टांगला जाई. पद्धत उघड, नियम सगळ्यांना एकच. परिणाम काय झाला? पहिले भारतीय फेलो मुंबईचे आर्देशीर करसेटजी, वाडिया घराण्यातले गोदीतले इंजिनियर, १८४१ साली निवडून आले. ते नुकतेच इंग्लंडात राहून आले होते, तिथल्या जहाजबांधणीतल्या आणि विज्ञानातल्या लोकांत वावरले होते. दुसरे भारतीय फेलो रामानुजन, १९१८ साली. मधे सत्त्याहत्तर वर्षं गेली. एवढ्या काळात या देशात पात्र माणूसच जन्मला नाही असं म्हणायचं धाडस कुणी करणार नाही. करसेटजी आणि रामानुजन यांच्यात समान दुवा एकच: दोघांनाही सही करू शकणाऱ्या माणसांनी जवळून पाहिलं होतं. रामानुजन केंब्रिजला हार्डींच्या शेजारी बसून काम करत होते. मद्रासच्या बंदरात कारकुनी करणाऱ्या रामानुजनची गुणवत्ता तीच होती, पण तिथे सहा सह्या कुठून आणायच्या?

बंगळुरात त्या काळी सन्मानाचे दोन रस्ते होते आणि दोन्ही वरून खाली येणारे. एक म्हैसूरच्या राजवाड्यातून निघे. महाराज दरबारात किताब देत, आणि राजसभाभूषण, राजसेवासक्त अशी ती भारदस्त नावं माणसाच्या नावाला आयुष्यभर चिकटत. रामन बंगळुरास आल्यावर १९३५ मध्ये त्यांनाही राजसभाभूषण मिळालं. दुसरा रस्ता इंग्रज रेसिडेंटच्या बंगल्यातून जाई. तो बंगला म्हणजे आजचं राजभवन. संस्थानातल्या कुणाला सरकारी किताब द्यायचा तर शिफारशीचा कागद रेसिडेंटकडून व्हाइसरॉयकडे आणि तिथून लंडनला जायचा, आणि नववर्षाच्या किंवा राजाच्या वाढदिवसाच्या यादीत नाव झळकायचं. तंजावरी मराठी घराण्यातले टी. आनंदराव म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्यानंतर १९१२ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण झाले आणि १९१५ मध्ये त्यांना सरदारकीचा किताब मिळाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दोन तपं काढलेले विश्वेश्वरय्या खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाज्यांमुळे मराठी वाचकाला परके नाहीत. त्यांचं ते काम विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. सरदारकी आली ती मात्र दिवाणपदावर बसल्यावर. दरवाजे करणाऱ्याच्या वतीनं शिफारस करणं कुणाच्या कामाचा भाग नव्हता, दिवाणाच्या वतीनं करणं रेसिडेंटच्या कामाचाच भाग होता. यात लबाडी काही नाही. कागद जिथून निघतो तिथून जे दिसतं तेच कागदावर उतरतं.

रामन १९३३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक होऊन बंगळुरास आले आणि वर्षभरात त्यांनी जे केलं त्याकडे या दृष्टीनं पाहायला हवं. २४ एप्रिल १९३४ रोजी इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नोंदणी झाली. सुरुवातीचे फेलो ६५. त्या वेळी देशात विज्ञानाची एकच राष्ट्रीय अकादमी असावी की नाही यावरून जोरदार खडाजंगी चालली होती. मेघनाद साहांची अकादमी १९३० पासून अलाहाबादेत होतीच, कोलकात्याकडच्या मंडळींनी १९३५ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस काढली, तीच पुढे दिल्लीला गेली. एका गरीब, पारतंत्र्यातल्या देशात चारेक वर्षांत तीन अकादम्या! याला अहंकाराची भांडणं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि अहंकार होताच, विशेषतः रामन यांचा. ते अकादमीचे अध्यक्ष झाले ते १९७० मध्ये मरेपर्यंत अध्यक्षच राहिले. पण भांडणाच्या तळाशी खरा प्रश्न होता. लंडनच्या सह्यांवाचून आपला माणूस मोठा आहे असं म्हणण्याचा अधिकार आता इथे तयार होणार होता, आणि तो कोणत्या शहरातल्या कोणत्या मंडळींकडे जाणार हे ठरायचं होतं. अकादमीत नाव फेलोंनीच सुचवायचं, विषयवार समित्यांनी चाळायचं आणि अखेर फेलोंनीच मत द्यायचं. रेसिडेंट गेला, व्हाइसरॉय गेला, समव्यवसायी आले. ही फार मोठी झेप होती. पण सुचवणारा बदलला म्हणून त्याची नजर आपोआप रुंद झाली असं काही घडलं नाही.

याचा दाखला रामन यांच्याच विज्ञान संस्थेत, ते तिथे आले त्याच वर्षी मिळतो. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकानं मिळवलेल्या कमला भागवत १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला आल्या. वडील आणि चुलते याच संस्थेत शिकलेले. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेचं, संचालकांची खात्री पटल्याखेरीज कामाला मान्यता नाही, आणि आपल्या असण्यानं पुरुष सहकाऱ्यांचं चित्त विचलित होता कामा नये. त्यांनी वर्ष काढलं, खात्री पटवली, पुढे केंब्रिजला डॉक्टरेट केली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी. लग्नानंतर कमला सोहोनी म्हणून त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर वर्षानुवर्षं काम केलं, त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिकही मिळालं. मात्र पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही. रामन यांच्याच बंगळूरच्या प्रयोगशाळेत माणिक आणि हिऱ्यांच्या वर्णपटांवर काम केलेल्या अण्णा मणींना त्या कामावर डॉक्टरेट मिळाली नाही, कारण एम.एस्सी.ची पदवी हातात नव्हती. दोघींच्या बाबतीत पुरस्काराच्या एखाद्या परीक्षक मंडळानं नाव वाचून नाकारलं असेल असं मानायला आधार नाही. बहुधा ते नाव कुणी लिहून पाठवण्याची वेळच आली नाही. नकाराची निदान नोंद होते. न सुचवण्याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते.

ही रिकामी जागा भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न बंगळुरातच झाला आणि तो एका पुणेकर बाईंनी केला. स. प. महाविद्यालयात शिकलेल्या, कणभौतिकीत नाव मिळवलेल्या रोहिणी गोडबोले १९९५ मध्ये विज्ञान संस्थेत आल्या. राम रामस्वामी यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेलं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक २००८ मध्ये त्याच अकादमीनं काढलं, जी पंचाहत्तर वर्षांपूर्वी कमलाबाईंना अडवणाऱ्या माणसानं स्थापन केली होती. त्यात सुमारे शंभर भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांची आयुष्यं आहेत. लोक त्याकडे स्फूर्तिदायक चरित्रांचा संग्रह म्हणून पाहतात. मला ते एका जागी आणून ठेवलेलं शिफारसपत्रांचं बाडच वाटतं. कुठली बाई कोणत्या विषयात काय काम करते हे सुचवणाऱ्याला ठाऊकच नव्हतं, ही सबब त्यानंतर उरली नाही. सबब किती जुनी होती तेही पाहा. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला. पहिली बाई, असीमा चटर्जी, १९६१ मध्ये. पुढे २०१८ पर्यंत पाचशेहून अधिक मानकरी झाले, त्यांत बायका वीसच्या आत. या पुरस्कारासाठी नाव पाठवण्याचा अधिकार कुलगुरू, संचालक, अधिष्ठाता आणि आधीचे मानकरी यांच्याकडे होता, आणि वयाची अट पंचेचाळीसची. म्हणजे बाळंतपणाची आणि बदलीची वर्षं मोजूनही पंचेचाळिशीच्या आत काम उभं राहायला हवं, आणि ते संचालकाच्या डोळ्यात भरायला हवं. गोडबोलेबाईंना स्वतःला पद्मश्री मिळाली ती २०१९ मध्ये, साठी उलटून गेल्यावर.

आता राष्ट्रीय सन्मानांकडे वळू. २ जानेवारी १९५४ रोजी भारतरत्न आणि पद्मविभूषण सुरू झाले. पद्मविभूषणाचे तेव्हा तीन वर्ग होते, त्यांना आजची नावं मिळाली ती पुढच्या वर्षी. पहिल्याच भारतरत्नांत रामन होते, दुसऱ्या वर्षी विश्वेश्वरय्या. राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं किताब रद्द केल्यावर हे काय नवीन, असा आक्षेप तेव्हापासून आहे. जनता सरकारनं १९७७ मध्ये हे सन्मान बंदच केले, १९८० मध्ये ते परत आले. नव्वदच्या दशकात प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर १९९५ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की हे किताब नव्हेत, पण नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत आणि निवडीला धरबंध हवा. चर्चा घटनेची झाली, शिफारशीची फारशी झाली नाही. पद्मसाठी आलेल्या नावांचे सरकारी आकडे बोलके आहेत. २०१० मध्ये १,३१३ नावं आली होती. ऑनलाइन सोय झाल्यावर २०१६ मध्ये १८,७६८, २०१७ मध्ये ३५,५९५ आणि २०१९ च्या पुरस्कारांसाठी ४९,९९२. पोर्टलवर कुणीही कुणाचंही नाव पाठवू शकतो, स्वतःचंही, सोबत आठशे शब्दांत काम सांगायचं. मंत्रालयाच्या आणि राजभवनाच्या पायऱ्या झिजवण्याचं कारण उरलं नाही, असं सांगितलं गेलं.

स्वतःचं नाव स्वतः पाठवणं अनेकांना खटकतं. गुणवंतानं मागू नये, लोकांनी द्यावं, हा आपल्याकडचा आवडता शिष्टाचार. पण तो वाटतो तितका जुना नाही. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जाई तेव्हा शास्त्री-पंडित लांबलांबून स्वतः येत, आपली विद्या सांगत, तिची पारख होई आणि तिच्या मानानं रक्कम ठरे. कुणी आपलं नाव सुचवायची वाट पाहत घरी बसत नसे. ती दक्षिणा ब्राह्मणांपुरती होती हा तिचा मोठा दोष, आणि तिच्या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावं म्हणून १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या तरुणांनी अर्ज केला तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ उठला तेही प्रसिद्ध आहे. पण स्वतः पुढे येण्यात त्या विद्वानांना लाज वाटत नव्हती. बोरना पत्र लिहिताना रामन यांनाही वाटली नाही. खरी अडचण संकोचाची नाहीच. कर्नाटक राज्योत्सव पुरस्कारांचं उदाहरण घ्या. अलीकडच्या वर्षांत राज्य जितक्या वर्षांचं तितके मानकरी, असा प्रघात पडला आहे: २०२३ मध्ये ६८, २०२४ मध्ये ६९. तेवढ्या जागांसाठी विधानसौधात अर्जांचे गठ्ठे आणि आमदारांच्या चिठ्ठ्या यायच्या त्या यायच्याच. दार उघडलं की आत शिरायला कोण येतं? ज्याच्याकडे अर्ज लिहून देणारा आहे तो. चांगल्या संस्थेत त्यासाठी कार्यालय असतं, टंकलेखक असतो, आठशे शब्द कसे रचायचे हे ठाऊक असलेला सहकारी असतो. बेळगाव किंवा गडहिंग्लजच्या महाविद्यालयात एकट्यानं काम करणाऱ्याकडे यातलं काही नसतं.

यावर असं म्हटलं जातं की खरी गुणवत्ता लपत नाही, आज ना उद्या वर येतेच. पुरावा म्हणून मंगळूरजवळच्या हरेकळा हाजब्बांचं नाव घेतात. संत्री विकून गावात शाळा उभी करणाऱ्या या माणसाला २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. उदाहरण सुंदर आहे, पण ते उलट्या बाजूचं आहे. हाजब्बांवर कन्नड वर्तमानपत्रांनी कितीतरी वर्षं लिहिलं, लोकांनी पाठपुरावा केला, तेव्हा ते नाव दिल्लीला दिसलं. त्यांना सुचवणारे मिळाले. जिथे वर्तमानपत्राचा वार्ताहर पोचला नाही तिथले हाजब्बा आपण मोजणार कसे? आणि दुसऱ्या टोकाला पाहावं तर एक सन्मान दुसऱ्याला हाक मारून आणतो. सी. एन. आर. राव यांचा क्रम भटनागर, पद्मश्री, पद्मविभूषण, भारतरत्न असा लागतो. गोविंदराजन पद्मनाभन यांना भटनागर, मग पद्मभूषण, आणि २०२४ मध्ये पहिलाच विज्ञानरत्न. दोघेही निःसंशय त्या योग्यतेचे. पण आधीच्या मानकऱ्याला सुचवणं सुचवणाऱ्यालाही सोपं आणि बिनधोक असतं, हेही त्या क्रमात दडलेलं आहे. बंगळुरातल्या इन्फोसिस पुरस्कारानं २००९ पासून स्वतःचं नाव पाठवायला मनाई करून निमंत्रित जाणकारांकडून नावं मागवण्याची वाट धरली. निवडी उत्तम होतात. पण जाणकार ज्यांना ओळखतात तेच जाणकारांना दिसणार, ही रॉयल सोसायटीची जुनी मर्यादा तिथेही आहेच.

म्हणून दार कुणासाठी उघडं, कुणासाठी बंद, यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक साधी गोष्ट करावी असं मला वाटतं: नाव कुणी सुचवलं ते काही काळानं जाहीर करावं. आज पद्मच्या यादीत मानकऱ्याचं नाव, क्षेत्र आणि राज्य छापतात, सुचवणाऱ्याचं छापत नाहीत. २०२२ मध्ये केंद्रानं विज्ञान खात्यांतले बरेच लहान पुरस्कार मोडीत काढले, त्यांच्या जागी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आणले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ३३ मानकरी जाहीर केले. लगेच भटनागरच्या जुन्या मानकऱ्यांसह अनेक शास्त्रज्ञांनी निवड नेमकी कशी झाली, शेवटची यादी समितीचीच का, असा जाहीर प्रश्न विचारला. नोंदी उघड नसल्या की शंका घेणाऱ्याला जितकं मोकळं रान तितकंच निर्धास्तपण हस्तक्षेप करणाऱ्याला. यावर आक्षेप येणार की नाव फुटणार म्हटल्यावर माणसं सुचवायलाच धजावणार नाहीत, सुचवलेला निवडला गेला नाही तर वैर येईल, आणि लहानशा क्षेत्रात रोज तोंडाला तोंड द्यायचं असतं. आक्षेप रास्त आहे, पण तो तत्काळ जाहीर करण्याला लागू पडतो. नोबेलनं पन्नास वर्षांची मुदत ठेवली आहे, ती आपल्याला फार होते, कारण तेवढ्यात चूक सुधारायला कुणी उरत नाही. पंधरा वर्षं पुरेत. तेवढ्यात सुचवणारा बहुधा निवृत्त झालेला असतो आणि निवडीचा कस लागलेला असतो. न निवडल्या गेलेल्यांची नावं वगळून, कोणत्या संस्थेतून आणि कोणत्या राज्यातून किती शिफारशी आल्या, त्यांत बायका किती, एवढं तर दर वर्षीच सांगता येईल. सरकार हे करील तेव्हा करील, त्याला समित्या आणि मंत्रालयांतून जावं लागेल. बंगळूरच्या अकादमीची गोष्ट वेगळी आहे. तिथे सुचवणारेही फेलो आणि मत देणारेही फेलो. नियम बदलायला ना संसद लागते ना गृहमंत्रालय, एका वार्षिक सभेतला ठराव पुरे.